दुखत नसतानाची गोळी

आई, आज कंपनीत माझं भांडण झालं आणि राग मात्र तुझा आला. पॅकिंगमधली एक बाई डोकं धरून बसली होती. मला म्हणाली, "दीदी, अपनी वाली गोली दे दो ना, सर फट रहा है." मी नाही म्हटलं. तिला बीपी आहे, आणि माझी अर्धशिशीची गोळी लिहून देण्याआधी डॉक्टरांनी मला बीपीचं आणि हृदयाचंच विचारलं होतं. हे मी समजावत होते, तर तुझ्याबरोबर काम केलेली, आता निवृत्तीला आलेली मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "तुज्या आईनी कवा कोनाला परत नाय धाडला. तू कोनावर गेलीस गं?" त्या बाईला मीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, माझी अर्धी रजा गेली, त्याचं कुणाला काही नाही. गोळी दिली नाही, तेवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

हे तू करून ठेवलंस. बोईसरच्या याच पॅकिंगच्या हॉलमध्ये तुझ्या पिशवीतून डब्याआधी गोळ्यांची पट्टी बाहेर यायची. कुणाची कंबर, कुणाची दाढ, कुणाचं डोकं, सगळ्यांना तीच. "घे गं, गुनाची हाय," म्हणायचीस, आणि तुझा चेहरा असा फुलायचा की जणू गोळी तूच घरी वळली आहेस.

अर्धशिशी तुलाही होती, आणि डॉक्टरांनी तुला दोन गोळ्या दिल्या होत्या. एक रोज रात्री घ्यायची, डोकं दुखो न दुखो, म्हणजे दुखणं येणंच कमी होईल. दुसरी दुखायला लागल्यावर, काहीतरी खाऊन, आणि आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. तू बरोबर उलटं केलंस. मी शाळेच्या गणवेशात स्वयंपाकघरात उभी आहे, शिफ्टच्या बसची वेळ झाली आहे, आणि तू चहाचं आधण ठेवता ठेवता दुखल्यावरची गोळी रिकाम्या पोटी गिळते आहेस. दुखतंय का, म्हणून विचारलं तर म्हणतेस, "आता नाय दुखत. पन कामावर दुखला तं?" रोजची गोळी मात्र मसाल्याच्या डब्यामागे जपलेली. "दुखत नाय त्या दिवशी खाल्ली तं फुकटच जाते ना!" सणासुदीच्या साडीसारखी तू ती मोठ्या दुखण्यासाठी राखून ठेवलीस.

मग डोकं रोजच दुखायला लागलं आणि तू गोळ्या वाढवल्यास. दुखण्याची गोळी रोज घेतली की ती गोळीच डोकं दुखवायला लागते, हे साधं वाक्य मला आता माझ्यावर उपचार करणाऱ्या पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या संतापले. तुला का नाही कुणी सांगितलं? तुझा डॉक्टर मान वर न करता बोलायचा. स्टेशनजवळचा मेडिकलवाला चिठ्ठी न मागताच "मावशी, तीच ना?" म्हणत पट्टी पुढे सरकवायचा. आणि तू! बाजारात बोंबलासाठी अर्धा तास हुज्जत घालणारी बाई डॉक्टरसमोर तोंड शिवल्यासारखी बसायचीस. विचारायला काय झालं होतं गं?

रिकाम्या पोटी घेतलेल्या त्या गोळ्यांनी शेवटी पोटात जखम झाली. शौचाला काळं होत होतं, तेही आमच्यापासून लपवलंस. रक्ताची उलटी झाली आणि पालघरला पोचेपर्यंत तू बोलेनाशी झालीस. तुझ्या दिवसांना पॅकिंगच्या सगळ्या बाया आल्या. देवमाणूस होती, मागितली की गोळी द्यायची, असं एकीमागून एक सांगत राहिल्या. त्या गोळ्यांनीच नेलं तिला, असं मला ओरडायचं होतं. तेव्हा बायांना चहा देत राहिले. आज मावशीवर ओरडले, भर हॉलमध्ये.

माझी रोजची गोळी मी रोज घेते. दुसरी कधी घेतली ते कॅलेंडरवर मांडते. आता डोकं क्वचितच उठतं. म्हणजे हे जमण्यासारखं होतं, आई. तुलाही जमलं असतं, तू आज असतीस, आणि याच गोष्टीने माझं अंग अंग पेटतं.

हे पत्र जायचं कुठे, ते काही जाणार नाही, म्हणून सांगते. डोकं उठतं तेव्हा मी सगळं नीट करते. दोन घास खाते, गोळी घेते, खोलीत अंधार करून पडते. आणि पडल्या पडल्या वाटत राहतं, तू यावंस, पट्टीतली एक काढून माझ्या तळहातावर ठेवावीस, आणि कुठली ते न विचारता मी ती घ्यावी.