ढब्बूच्या ट्रेची शास्त्रीय व्यवस्था

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून ट्रे माझ्याकडे. ढब्बू म्हणजे धाकटीचा ससा. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी तिला दिला, तोही अटीवर: नीट सांभाळला नाहीस तर परत नेईन. तेव्हापासून धाकटी रोज दोनदा ट्रेपुढे बसून हाताने लेंड्या वेचते. पद्धत नाही, नोंद नाही. घरात पहिली पदवीधर असताना हे बरं दिसत नाही. भिंतीवर चार्ट लावला. वेळ, लेंड्यांची संख्या, सही.

५ फेब्रुवारी
ट्रे फिनेलने तीन वेळा घासला. जुन्या कागदाचा एक कपटा ठेवला नाही. आई म्हणाली, "थोडे ओले कपटे परत टाक गं, नाहीतर त्याला कळणार कसं कुठे बसायचं ते." आई वीस वर्षं दवाखान्यात बेडपॅन धुते. अनुभव आहे, पण अनुभव म्हणजे अभ्यास नव्हे, हे तिला प्रेमाने समजावलं. "बरं बाई," म्हणाली. पटलेलं दिसतंय.

६ फेब्रुवारी
ढब्बूने माझ्या उशीवर केलं. सुरुवातीला विरोध होणारच.

८ फेब्रुवारी, दुपारी
मूळ सापडलं. हा प्राणी ट्रेमध्ये बसून गवत खातो आणि खाता खाताच लेंड्या टाकतो. जेवण आणि संडास एकत्र! गवत खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली नेलं. धाकटी म्हणाली, "ताई, त्याला तसंच आवडतं." मी म्हटलं, आवडतं तेच करत राहिलो असतो तर आपण अजून झाडावर असतो. ती म्हणाली, तिला झाड आवडलं असतं. दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी
ट्रे राहिला. वर्तनशास्त्रावरचं पुस्तक वाचत होते. एका अर्थी तेही ट्रेचंच काम.

१० फेब्रुवारी
ट्रे राहिला. उद्या दोन दिवसांचा एकदम.

१३ फेब्रुवारी
यश! तीन दिवस सगळं ट्रेमध्येच. मी हातही न लावता ट्रे स्वच्छ. म्हणजे ढब्बूला स्वच्छतेची जाणीव आतून झाली. गल्लीतल्या बायकांसाठी छोटं शिबिर घ्यावं का? विषय: शिक्षण आणि स्वच्छता.

१४ फेब्रुवारी, पहाटे साडेपाच
पाणी प्यायला उठले तर आई ट्रेपाशी उकिडवी बसलेली. ड्यूटीला जायच्या आधी ट्रे व्हिनेगरने धुते, मूठभर ओले कपटे परत टाकते, गवत ट्रेच्या कडेला लावते. विचारलं तर म्हणाली, रोज. मी जागी व्हायच्या आत गवत पुन्हा खिडकीखाली नेऊन ठेवते, मला वाईट वाटू नये म्हणून.
चिडले नाही. शांतपणे म्हटलं, तू माझा प्रयोग बिघडवतेस. जन्मभर दुसऱ्यांची घाण उपसलीस, आता घरातही तेच? त्यातून बाहेर पडायलाच मी शिकले ना? ट्रेला पुन्हा हात लावायचा नाही.
आईने हात धुतले, डबा उचलला, गेली. विचार करत असावी.

१६ फेब्रुवारी
घरात वास. काकू वर आल्या. नाक दाबून म्हणाल्या, "काय गं पोरींनो, ससा पाळलाय की मुतारी काढलीय?" धाकटी रडायला लागली. मी काकूंना चार्ट दाखवला. त्यांनी आधी चार्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रविवारपर्यंत सुधारलं नाही तर ससा नेणार. मी धाकटीला शब्द दिला, ढब्बू कुठेही जाणार नाही.

१७ फेब्रुवारी, सकाळी
भयंकर. ढब्बू स्वतःच्या लेंड्या खातो! मऊ, घोसासारख्या असतात त्या. मान खाली घालून थेट तिथूनच. सगळ्या अस्वच्छतेचं हेच मूळ. पदवीचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये गेल्यापासून त्याची फाईल रिकामी होती. तिचं प्लास्टिक कापून ढब्बूच्या गळ्यात कॉलर घातली. आता मान वळत नाही. धाकटी म्हणाली, "काढ ना गं ताई, तो लाजतोय." आई दारात उभी राहून बघत होती. "काढ," एवढंच म्हणाली. मी नाही म्हटलं, तर गेली. वाद घालत नाही आता. प्रगती आहे.

१८ फेब्रुवारी
लेंड्या निम्म्यावर. पद्धत चालली.

१९ फेब्रुवारी
फक्त चार. ढब्बू शांतही झालाय. कोपऱ्यात डोळे अर्धे मिटून बसतो. गवताकडेही धावत नाही. संयम.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
लेंड्या शून्य. धाकटीला हाक मारून दाखवलं. तिने ट्रे पाहिला, ढब्बू पाहिला, कात्री आणून कॉलर कापली आणि त्याला टॉवेलात गुंडाळून काकूंकडे धावली. तिथून जनावरांच्या दवाखान्यात. मी मागोमाग.
डॉक्टर म्हणाले, त्या मऊ लेंड्या म्हणजे त्याचं अर्धं जेवण. पुन्हा खाल्ल्या तरच अंगी लागतं. आता पोट थांबलंय. शिवाय ओल्या ट्रेत बसून तळवे सोललेत. "हे कुठल्या शहाण्याने केलं?" धाकटीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, मी पदवीधर आहे. "कशातली?" वाणिज्य. ते हसले असते तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
ढब्बू वाचेल. पिचकारीने भरवतायत. धाकटीने आपण होऊन तो काकूंना परत दिला. काकूच म्हणत होत्या, "अगं, ठेव की. तू तर छान करायचीस त्याचं." त्यावर धाकटी म्हणाली, "मी करीन हो. पण आमच्या घरात ताई आहे."
एवढ्या लहान वयात स्वतःचा निर्णय. ही जबाबदारीची जाणीव कुठून आली, ते मी सांगायला नको.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
धाकटी आणि आई रोज काकूंकडे जातात. हसण्याचा आवाज जिन्यात येतो. आज मीही गेले. दोन सूचना लिहून नेल्या होत्या. काकू दारातच म्हणाल्या, "तू आत नको गं. तुझा आवाज आला की तो तोंडातलं गवत टाकतो."
पायरीवर बसले. आई तासाभराने धाकटीला घेऊन बाहेर आली. हात ओले, व्हिनेगरचा वास. सूचनांचा कागद मी मुठीत चुरगळला होता. म्हटलं, मला दाखव ना, कसा धुतात ट्रे.
आई म्हणाली, "तुला कशाला गं? आम्ही आहोत ना, घाण उपसायला."
मग धाकटीचा हात धरून जिना चढून गेली.