उपटून आणलेला हद्दीचा दगड

अण्णा, परवा मी निवृत्त झाले. हार, शाल, समोसे, सगळं झालं. तुम्ही असता तर पहिलं हेच विचारलं असतं, शेवटची मोजणी कुठली केलीस? तेच सांगायला बसले आहे.

तुम्ही जन्मभर जरीब, मोजणीची साखळी, ओढलीत. हैदराबाद राज्य मोडलं, आपला मराठवाडा मराठी मुलखात गेला, भाऊबंद बदल्या मागून निघून गेले. तुम्ही मात्र "इथले बांध मला ओळखतात" म्हणत चेनमन म्हणून इथे हैदराबादेकडेच राहिलात आणि मला शिकवून त्याच खात्यात सर्व्हेअर केलंत. मी नवी होते. नल्लकुंट्याच्या आपल्या घरी स्वयंपाकघरात तुम्ही जेवताय आणि मी फुशारकीनं सांगतेय, की शेजारचा शेतकरी बाजाराला गेला होता म्हणून त्याच्याविनाच हद्द मोजून आले. तुम्ही हातातली भाकरी ताटात ठेवलीत. "बाजूवाला हाजिर नाही आणि जरीब टाकली? मी अडाणी असून असं करत नाही. तू तर सही करतीस." आई म्हणाली, "पोरीला दोन घास खाऊ द्या की." तुम्ही ऐकलं नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा काढून माझ्याबरोबर बसनं आलात. त्या शेजाऱ्यानं निवडुंग बाजूला सारून गाडलेला दगड दाखवला. माझी रेघ सात हात चुकली होती. परतताना मला तुमचाच राग आला होता.

आता राज्य पुन्हा फुटलं. नवे जिल्हे, नवी ऑफिसं, उपग्रहावर चालणारं नवं यंत्र. जरीब गेली, चेनमनची जागाच रद्द झाली. नवी पोरं म्हणतात, "मॅडम, पुढे शेतात जायचीही गरज नाही, ड्रोन वरून मोजेल." मोजेलही. यंत्र बोटभर चुकत नाही, पण दगड कुठे पुरलाय हे शेजाऱ्यानंच सांगावं लागतं, आणि शेजाऱ्याची वाट पाहायला आता कुणाला सवड आहे? मलाही नव्हती. शेवटच्या मोजणीला बाजूच्या शेताची मालकीण, एक म्हातारी, लेकीपाशी दवाखान्यात होती. तिच्या बंद दारावर नोटीस चिकटवली, मोजलं, सही केली. तिची विहीर शेजाऱ्याच्या नकाशात गेली.

काही दिवसांनी ती ऑफिसात आली. मागून ऑटोवाला एक दगड उचलून आणत होता. "मेडम, ना रायि," माझा दगड, म्हणत तिनं तो माझ्या पायाशी ठेववला. पुरावा म्हणून तिनं तो स्वतः खणून काढला होता. अण्णा, जागेवरून हललेला हद्दीचा दगड कशाचाच पुरावा नसतो, हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं. "अम्मा, का उपटलास? आता माझ्या हातात काही नाही." चूक आपलीच झाली असं समजून ती माझ्या पाया पडली.

तुम्ही हयात असता तर हे लिहिलं नसतं, तुमच्यासमोर उभीही राहिले नसते. दगडाची माती ओली होती, सकाळीच उपटलेला होता. त्याच ऑटोत बसून गेले असते तर खड्डा सापडला असता, मोजणी पुन्हा करता आली असती. पण मग माझ्या सहीची चौकशी लागली असती, आणि निवृत्तीला माझे तेरा दिवस उरले होते. मी तिला खड्डा कुठे आहे हे विचारलंच नाही.