पानावर आणि पानात

४ मे
बाबा छातीच्या दुखण्याने गेले आणि अंगणातलं त्यांचं लाडकं ऑलिव्हचं झाड पिवळं पडलं. आई म्हणते, माणसामागे झाडही जातं. मी म्हटलं, झाड कुठे जात नाही, पोटॅश कमी पडलंय. लॅबचा रिपोर्टही तेच सांगतो. काही झालं तरी बाबांचं झाड वाचवायचंच. संकल्प: रोज पहाटे पानांवर पोटॅशची फवारणी.

५ मे, दुपारी
गजर वाजला होता म्हणे. भर उन्हात फवारलं. पानं लगेच वाळली, म्हणजे लगेच प्यायली! लॅबवाल्या बाई म्हणाल्या होत्या, पंधरवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर, मास्क लावून. बाबांनी जन्मात कधी मास्क लावला?

९ मे
आईचं काहीतरी बिनसलंय. दुपारी झाडाकडून बाबांचा खोकला येतो म्हणे. दोनदा कोरडा, मग खाकरणं. लगेच दोन कप मांडते आणि आतून विचारते, आलात का हो? रोज सांगतो, आई, बाबा नाहीत गं. मी तिथेच फवारत असतो, मला पंपाशिवाय काही ऐकू येत नाही. भुतंखेतं मी मानत नाही. झाडाकडे पाठ करत नाही ती वाऱ्याची दिशा बघावी लागते म्हणून.

१३ मे
आता बायकोलाही ऐकू आलं. अंगावर सर्रकन काटा आला म्हणाली. बायकांचे मनाचे खेळ! पंप बंद करून झाडाखाली तासभर दबा धरून बसलो. हूं नाही की चूं नाही. माझी दहशत. उठून पुन्हा पंप सुरू केला, तर ही खिडकीतून किंचाळली, आले, आले!

१८ मे
शेजारी म्हणाला, पानांची टोकं करपलीत. जळकुकडा मेला. डोस वाढवला. घसा खवखवतोय, धुळीने असणार.

२४ मे
पानं लॅबला दिली. पेढे सांगावेत का?

२९ मे
लॅबवाल्या बाईंचा फोन. पानावर ढीगभर आहे, पानात काहीच नाही. उन्हात वरच्यावर वाळलं, धुतल्यावर सगळं गेलं. भांडायला तोंड उघडलं आणि खोकलाच आला. फोन ठेवून वळलो तर ही दारात, चेहरा पांढराफटक. म्हणाली, तोच खोकला. अहो, तुम्हीच आहात तो. फवारताना मास्क लावा म्हटलं की बाबाही म्हणायचे, पानावर मारतोय, माझ्यात कुठे जातंय?

३१ मे
पंप अडगळीत टाकला. झाडाची एक फांदी वाळली. उद्या छातीचा फोटो काढायचाय. भीती वाटते. झाडाखाली बसलो होतो. खोकला आला. दोनदा कोरडा, मग खाकरलो.
आतून आईने विचारलं, आलात का हो?
आलो, म्हटलं.