बाराव्याचे शब्द

४ फेब्रुवारी २०२४, कोरेगाव
आज ९१२ शब्द. एकूण ४१,३००. सांगलीच्या प्रकाशकाला कादंबरी ३१ मार्चला हवी, साठ हजार शब्द. कपाटाच्या दाराला तक्ता चिकटवला — कुठल्या दिवशी कुठलं प्रकरण, किती शब्द. बारावं सोडून तक्त्याचे सगळे रकाने भरलेत. बाराव्यात गुंडा मरतो.

विजयमाला म्हणाली, "फौजेतनं रिटायर झालासा तरी रोलकॉल काय सुटंना तुमचा!" हिला हसू येतंय.

९ फेब्रुवारी
१,१४०. तेरावं झालं, चौदावं झालं. बारावं शून्य.

दुपारी धोंडुबाई आल्या, गुंडाची आई. नेहमीसारखा ताकाचा तांब्या घेऊन. "जयराज, माजा गुंडा आला का रं पुस्तकात?" म्हटलं, "यायचाय अजून, काकी." नऊ वर्षं हे ताक पितोय. घशाखाली उतरत नाही, तरी पितो.

१७ फेब्रुवारी
आठशे. बारावं शून्य. तक्ता फाडला. मग डिंक लावून परत चिकटवला. शूर शिपाई!

२ मार्च
एकूण ५८,०००. बारावं सोडून पुस्तक संपलं. प्रकाशकाचा फोन — "शहीद मित्राचा भाग जोरदार होऊ द्या, त्याच्यावरच पुस्तक खपेल." थुंकावंसं वाटलं. त्याच्यावर नाही, स्वतःवर.

३ मार्च
इथे तरी खरं लिहितो.

डोंगरातल्या चौकीवर आमच्या गावचे आम्ही दोघंच. जत्रेच्या संध्याकाळी एकाने पहारा करायचा, दुसऱ्याने घरी फोन लावून पालखीच्या छबिन्याचे ढोल ऐकायचे. एक वर्ष हा, एक वर्ष तो. त्या वर्षी ऐकायची पाळी गुंडाची होती, पहारा माझा. मी म्हटलं, "गड्या, यंदा मला ऐकू दे. पोरगी झालीया, पालखीखाली घालणार हायती तिला." तो हसला, माझी शिट्टी घेतली आणि गेला. मी कानाला फोन लावून बसलो होतो आणि वर पहाऱ्याच्या जागेवर दरड कोसळली.

गावात मी सांगितलं, पहारा त्याचाच होता. भेकड मेला मी!

१० मार्च
बारावं — २१२ शब्द. धोंडुबाईंना वाचून दाखवलं. मान वर करवेना. त्या म्हणाल्या, "पहाऱ्याला जाताना फोन केल्ता रं त्यानं मला. म्हनला, यंदा जयराजला ऐकू दे. नऊ वर्सं ताक घिऊन येतीया — तू कवा सांगतुयास म्हून."