माहेरून आलेलं अर्थिंग

अण्णा, काल माझ्या सासरच्या बागेतल्या मागच्या खोलीत वीज आली. ती खोली तुम्हाला आठवत असेल, लिंबाच्या पलीकडची, जिथे माझे सासरे कुदळी, फावडी आणि रिकामी पोती ठेवायचे. इतकी वर्षं तिथे काही शोधायचं झालं तर आम्ही टॉर्च घेऊन जात होतो. आता तिथे तुमची नात केक भाजते. दिल्लीकडची नोकरी सुटली तशी ती घरी आली आणि कितीतरी दिवस उशीत तोंड खुपसून पडून राहिली. बोलणं नाही, धड जेवण नाही. मग एका सकाळी उठून म्हणाली, मला केक करून विकायचेत. अडचण एकच होती, अंड्यांची. सासूबाईंच्या चौक्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, आजवर अंडं शिरलेलं नाही. पण नातीचा उतरलेला चेहरा त्यांनीही पाहिला होता, म्हणून तोडगा त्यांनीच काढला. घरात नको, बगीच्यात काय करायचं ते कर, मी तिकडे बघणार नाही.

पोरीने खिडकीतून लांबलचक वायर काढली, पेरूच्या फांदीवरून नेली आणि खोलीत ओव्हन लावला. पहिला केक झकास झाला. दुसऱ्या खेपेला मी मदतीला गेले तर दारातच जळका वास. प्लग मऊ पडला होता. मी काही बोलायच्या आत ती अगदी सहज म्हणाली, "मम्मी, ये ओव्हन कभी-कभी झुनझुनाता है." म्हणजे हात लावला की मुंग्या येतात. पाय अनवाणी, खाली नुकतीच धुतलेली फरशी. मी धावत जाऊन मेन बंद केला. परत येऊन ती वायर हातात घेऊन बघते तर तिला दोनच पदर, अर्थिंगचा तिसरा नाहीच. आणि माझ्या तोंडून, मराठीत, तुमचंच वाक्य निघालं, "तिसरी पिन शोभेला नसते."

तुम्ही हे आईला म्हणाला होतात, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिने इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग दोनाच्या सॉकेटात कसाबसा बसवला होता. तुमचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आई रुसली, तुमच्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून येताना तुम्ही सॉकेट घेऊन आलात, ते बसवलंत, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन शिरा करायला घेतलात. रवा करपला. तो करपलेला शिरा आई तुमच्यासमोर बसून खाते आहे आणि हसू दाबते आहे, हे मला अजून दिसतं. रेल्वेच्या शेडमधल्या तुमच्या जोडीदाराला वीज उतरलेल्या लोखंडी कपाटाचा झटका बसून तो गेला होता, हे तिने मला फार नंतर सांगितलं. तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, अमराठी घरात मुलगी द्यायची म्हणून तुम्ही अडून बसाल. तुम्ही मुलाकडच्या बैठकीत आधी चहा संपवलात. मग माझ्या सासऱ्यांना एकच प्रश्न विचारलात, घर में अर्थिंग है? त्यांना वाटलं, मराठी लोकांत देण्याघेण्याची ही काही रीत असावी. ते घाबरून म्हणाले, जो आप कहें. लग्नाच्या आधी तुम्ही सायकलला पहार बांधून त्यांच्या घरी गेलात, मागच्या भिंतीशी खोल खड्डा खणलात, त्यात धातूची पट्टी सोडून कोळसा आणि मीठ भरलंत आणि तार घरातल्या बोर्डापर्यंत आणलीत. कुणी लेकीला कपाट देतं, कुणी शिलाई मशीन. माझी आते सगळ्यांना सांगत सुटली, आमच्या दादाने मुलीला खड्डा दिला. मीही तेव्हा खूप हसले होते.

आता ओव्हनचा प्रश्न आला तेव्हा आमच्या ह्यांनी सुचवलं, बिजलीवाल्या भैयाला बोलवू, तो झाडावरून तार खेचून देईल. मी म्हटलं, तार जमिनीतूनच जाईल. हे हसून म्हणाले, आज बिल्कुल बाबूजी लग रही हो. बाबूजी म्हणजे तुम्ही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं आणि पोर खणायला लागलो. झाशीची जमीन तुम्हाला ठाऊकच आहे, वीतभर माती आणि मग दगड. नाली सरळ नेली असती तर सासूबाईंचा मोगरा उपटावा लागला असता, म्हणून तिला वळसा दिला. खाली वाळू, त्यावर जाड केबल, पुन्हा वाळू, वर विटा, मग माती. उद्या कुणी कुदळ घातली तर आधी वीट लागावी. बोर्डाचं काम मात्र मी भैयाकडून करून घेतलं. विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच मिळतो आता, तोही लावला. तुम्हाला फार आवडला असता.

शेवटी अर्थिंग तपासायची वेळ आली. भैया म्हणाला, इतना पुराना है, बेकार हो गया होगा, नया गड्ढा करते हैं. मी म्हटलं, आधी बघा तर. त्याने मीटर लावला, काढला, परत लावला. मीटर अर्थिंग चोख दाखवत होता. मग विचारलं, "ये किसने करवाया था?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून सासूबाई म्हणाल्या, "बहू के मायके से आओ है."

मग त्यांनी सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तुम्ही निघताना त्यांना सांगून गेला होतात, उन्हाळ्यात इथे अधूनमधून बादलीभर पाणी घालत जा, माती वाळू देऊ नका. "समधी जू कै गए ते, सो हम डारत रए." तुम्ही सांगून गेलात म्हणून त्या घालत राहिल्या. इतके उन्हाळे. त्या ओलाव्यानेच अर्थिंग टिकलं होतं. मला वाटायचं, भिंतीशी काही झाड लावलं असेल. पाणी कशासाठी घालायचं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि तुम्ही गेल्यावरही थांबवलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनीच माझ्या हाताला लागलेली माती पदराने पुसली.

काल पोरीने ओव्हन लावला. सासूबाई खुर्ची घेऊन बागेत आल्या होत्या, पण बघणार नाही असा शब्द दिलेला, म्हणून खोलीकडे पाठ करून बसल्या आणि मिनिटामिनिटाला विचारत राहिल्या, फूलो का? ओव्हनवर पोरीने तळहात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मुंग्या नाहीत. केक फुगला. पहिली ऑर्डर सीपरी बाजारातल्या कुणाची तरी होती, ती स्वतः स्कूटीवरून देऊन आली आणि येताना गुणगुणत आली. ती गुणगुणताना मी फार दिवसांनी ऐकलं, अण्णा.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. आणि खरं सांगू का, कामात काही अडलं होतं म्हणून मी लिहायला बसले नाही. सगळं नीट झालंय, तुम्हाला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण आई गेल्यापासून मराठीत बोलायला कुणी उरलं नाही, या घरात मराठी फक्त मला येते. पोरीला कळते, ती उत्तर हिंदीत देते. काल खोलीत पहिल्यांदा बल्ब पेटला तेव्हा मी म्हणाले, लागला बघा दिवा, आणि सगळे कौतुकाने हसले. मला कुणीतरी नुसतं "लागला हो" म्हणायला हवं होतं.