बासष्ट अंश, सर्व ठीक

२ फेब्रुवारी, सकाळ

लॉर्ना डुलुथला गेली. बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन. बायको परत येईपर्यंत ग्रीनहाउसचा सर्वाधिकारी मी.

जेरेनियमची रोपं नुकतीच लावलेली, बोटाएवढी, काचेखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत. मेअखेर मेमोरियल डेला, गेलेल्यांच्या स्मरणदिनी, अख्खा गाव हीच लाल फुलं आपापल्या माणसांच्या थडग्यांवर ठेवतो. आमचं वर्ष त्यावर निघतं. लॉर्नाचे वडीलही त्याच दफनभूमीत आहेत आणि ग्रीनहाउस त्यांनी स्वतःच्या हातांनी उभं केलेलं. तिच्या दृष्टीने प्रकरण नाजूक.

जाताना सूचना. रोज दोनदा आत जाऊन माती हाताने बघायची. वीज गेली की हीटर आपणहून सुरू होत नाही, लाल बटण दाबावं लागतं. आणि पलंगाजवळच्या घंटेला हात लावायचा नाही. मी मान हलवली. मान नको हलवूस आर्डन, ऐक, असं म्हणाली. हयातभर शाळेत वक्तृत्व शिकवलेल्या माणसाला ऐकायला शिकवते.

३ फेब्रुवारी

घंटा काढली.

सासऱ्यांनी बसवलेली. ग्रीनहाउसमध्ये थंडी शिरली की सुक्या सेलवर आमच्या उशाशी खणखणते. दुसरं काही येत नाही तिला. तिच्या जागी तापमान मोजणारा सेन्सर, एक कॅमेरा आणि फोनवर अ‍ॅप. गावातल्या दुकानदारांना दर महिन्याला तंत्रज्ञानाचे सल्ले देणारा मी. माझ्याच घरात ही घंटा म्हणजे दारूबंदीवर बोलणाऱ्याच्या खिशात बाटली.

संध्याकाळ. बाहेर शून्याखाली आठ. अ‍ॅपवर बासष्ट अंश फॅरेनहाइट, रोपांना हवी तेवढी ऊब, शेजारी हिरवी खूण, ‘सर्व ठीक’. इतक्या मोजक्या शब्दांत एवढा धीर मला आजवर कोणी दिलेला नाही.

५ फेब्रुवारी

व्यापारी मंडळाचा नाश्ता. भाषण जबरदस्त झालं.

विषय: छोट्या धंद्याने यंत्राला का भ्यावं? म्हणालो, पासवर्ड लांब ठेवा आणि कागदावर लिहू नका. फायलींच्या प्रती ठेवा आणि त्या उघडतात का हे अधूनमधून बघा. अपडेट पुढे ढकलू नका. (माझं उन्हाळ्यापासून ‘उद्या’वर आहे. पण ते माझं आहे.) मग पिशवीतून घंटा काढून उंच धरली. म्हणालो, मित्रहो, ही पाहा भीती. आपल्या बापजाद्यांनी भीतीला तार जोडून उशाशी टांगलं होतं. टाळ्या.

मागच्या टेबलावरून ड्वेनने विचारलं, वीज गेल्यावर तुझा फोन काय सांगतो रे? ड्वेन आमचा शेजारी. रस्त्यावरचं बर्फ काढतो, उरलेला वेळ गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून बसतो. मी म्हटलं, हा प्रश्न गेल्या शतकातला आहे. तो म्हणाला, वीजसुद्धा तेव्हापासूनच जातेय. काही लोक हसले. कोणावर ते कळलं नाही.

मंडळाच्या अध्यक्षा बेव्ह ऑडेगार्डने घंटा मागून घेतली. सभेत लोकांना गप्प करायला लागते म्हणाली. देऊन टाकली. उदार वाटलं.

६ फेब्रुवारी

फोन सारखा वाजतो. दार उघडलं. कोणीतरी आत हललं. दार बंद झालं. दमट हवा वाढली. आत हलणारा तो कोणीतरी मीच. माझी चहाडी माझ्याकडेच.

७ फेब्रुवारी

विचारांती ठरवलं, आत जाणं बंद. दार उघडलं की ऊब बाहेर पडते. न जाणं हीच काटकसर. पाणी टायमरवर आहे, बाकीचं कॅमेऱ्यातून दिसतं. लॉर्ना इतकी वर्षं थंडीत पायपीट करत होती, बिचारी. तिला कोणी सांगितलंच नाही.

८ फेब्रुवारी

मंडळाच्या पत्रकासाठी नवा सल्ला लिहिला: सूचनांचे गुलाम होऊ नका. जो माणूस प्रत्येक टिणटिणीला उत्तर देतो तो धंद्याचा मालक नाही, फोनचा शिपाई आहे.

बोलतो तसं वागावं. अ‍ॅपच्या सगळ्या सूचना आवाज बंद करून एका कप्प्यात वळवल्या. कप्प्याचं नाव ‘नंतर’. घरात इतकी शांतता की फ्रिजची घरघर ऐकू येते.

१० फेब्रुवारी, दुपार

कॅनडाकडून वारा सुटलाय. खिडक्या दात वाजवताहेत. जेवायला उरलेली हॉटडिश गरम करत होतो आणि दिवे गेले. लगेच आलेही. मायक्रोवेव्हचं घड्याळ मात्र बारा-शून्य-शून्य दाखवत लुकलुकतंय.

वीज गेल्यावर काहीतरी करायचं असतं, लॉर्नाने बजावलं होतं. खूप आठवून पाहिलं. शेवटी आठवलं: घड्याळ लावायचं. उद्या लावेन. माहितीपुस्तिका सापडत नाही.

अ‍ॅप: बासष्ट. सर्व ठीक.

११ फेब्रुवारी

बाहेर शून्याखाली चोवीस. अंगणातलं मेपलचं झाड सकाळी बंदुकीसारखं कडाडलं.

आत बासष्ट. काल बासष्ट, आज बासष्ट. एका अंशाचा हेलकावा नाही. कॅमेऱ्याचं चित्र तर काय सांगू. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी लोंबणारा थेंबसुद्धा दिसतो. सकाळी होता, दुपारीही तिथेच होता. नळी अजिबात गळत नाही याचा हा पुरावा.

संध्याकाळी, अंधार पडल्यावर पुन्हा पाहिलं. आत लख्ख उजेड. अंधारात पाहणारे कॅमेरे इतके पुढे गेलेत याची कल्पना नव्हती. पुढच्या भाषणात सांगायला हवं.

‘नंतर’मध्ये बरंच साचलंय. नंतर.

१२ फेब्रुवारी

शून्याखाली एकतीस.

ड्वेन बर्फ काढायला आला. गाडीतून न उतरता काच खाली करून म्हणाला, तुझ्या ग्रीनहाउसच्या छपरावर बर्फ बसलंय. मी म्हटलं, हिवाळा आहे. तो म्हणाला, दरवर्षी वितळतं, लॉर्ना असते तेव्हा. मी त्याला समजावलं की बर्फ ही नैसर्गिक गोधडी आहे, उत्तरेकडचे लोक बर्फाचीच घरं बांधून राहत. तो म्हणाला, वक्ते महाराज, एकदा दार तर उघडून बघा. मी त्याला फोन दाखवला. बासष्ट. हिरवी खूण. त्याने काच वर केली.

संध्याकाळी लॉर्नाचा फोन. बहीण चालायला लागली. रोपं कशी आहेत? म्हटलं, बासष्ट. काल? बासष्ट. परवा? बासष्ट. जरा अभिमानानेच सांगितलं. ती म्हणाली, दुपारी ऊन पडतं तेव्हा? म्हटलं, तेव्हाही.

तिचा आवाज हळू झाला. मला वाटलं कौतुकाने. म्हणाली, आर्डन, ऊन पडलं की आत ऐंशीपर्यंत चढतं. भर जानेवारीतही चढतं. घंटा कुठे आहे?

म्हटलं, चांगल्या हातांत आहे.

फोन ठेवला तिने. डुलुथकडे लाइन नेहमीच खराब.

ग्रीनहाउसकडे जाऊन यावं असं क्षणभर वाटलं. बूट घातले. पण मग सिद्धांताचं काय? बूट काढले.

१३ फेब्रुवारी

लॉर्ना आली. अंधारातच निघाली असणार. घरात आली नाही. बॅग अंगणात टाकून सरळ तिकडे.

मी मागून गेलो. दार उघडेना, खालून बर्फ धरलं होतं. तिने खांदा लावला.

आत बाहेरच्यापेक्षाही शांत. रोपं उभी होती, हिरवीच, काचेच्या खेळण्यांसारखी. तिने एका पानाला बोट लावलं. ते मोडलं. आवाज झाला त्याचा. नळीच्या तोंडाशी थेंब तसाच होता, गोठलेला. कॅमेरा अगदीच खोटं बोलत नव्हता.

तिने हीटरचं लाल बटण दाबलं. तो लगेच सुरू झाला. काहीच बिघडलेलं नव्हतं त्याचं.

मी म्हणालो की मूळ दोष वीज कंपनीचा. ती म्हणाली, वीज गेली तेव्हा तू कुठे होतास? म्हटलं, स्वयंपाकघरात. तिने हीटर पुन्हा बंद केला आणि दार उघडंच टाकून घराकडे गेली. ओरडली असती तर उत्तर तयार होतं.

१४ फेब्रुवारी

‘नंतर’ उघडलं. सेन्सरचा संपर्क तुटला आहे. कॅमेऱ्याचा संपर्क तुटला आहे. दिसत असलेले आकडे व चित्र जुने आहेत. कृपया प्रत्यक्ष पाहा. कृपया प्रत्यक्ष पाहा. पार खालपर्यंत तेच.

सौजन्यपूर्ण भाषा. पण ठळक अक्षरात हवं होतं.

९ मार्च

आता नव्याने लावायला रोपं मिळत नाहीत. लॉर्ना बेव्हच्या विमा कचेरीत कामाला जाते. सकाळी जाताना ग्रीनहाउसच्या बाजूने जात नाही, पलीकडून वळसा घालते.

मी स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. सेन्सर पुन्हा जोडला. सगळ्या सूचना सुरू केल्या, पूर्ण आवाजात, बाईच्या आवाजात वाचून दाखवणाऱ्या. यापुढे काहीही निसटणार नाही.

लॉर्ना म्हणाली, आत काय आहे निसटायला?

मेमोरियल डे

दफनभूमीतलं भाषण दरवर्षी माझं. यंदा कोणी मागितलं नाही आणि नकोही म्हटलं नाही, म्हणून तयार करून नेलं. विषय: स्मृती आणि सावधपणा.

दरवर्षी फाटकातून आत शिरलं की टेकडी लाल दिसते. आज करडी. कोणी प्लास्टिकची फुलं आणली होती, कोणी नुसतेच झेंडे लावले होते. म्हातारे खाली बघत चालत होते. ड्वेनने टोपी काढली, पण माझ्यासाठी नाही. लॉर्ना वडिलांच्या दगडापाशी उभी. दोन्ही हात मोकळे. काय करावं त्यांचं हे तिला कळत नव्हतं. कधी ती तिथे मोकळ्या हातांनी आलेली मी पाहिली नव्हती.

मौन सुरू करायला बेव्हने घंटा वाजवली. आमचीच. एकदाच वाजली, स्वच्छ, पार रस्त्यापर्यंत गेली असेल. लॉर्नाने मान वळवून पाहिलं.

सगळा गाव गप्प. आणि माझ्या कोटाच्या खिशातून बाई मोठ्याने बोलली: ग्रीनहाउस, बासष्ट अंश. सर्व ठीक.

बटण सापडेना. तिने पुन्हा सांगितलं.

ग्रीनहाउसची दारं फेब्रुवारीपासून सताड उघडी आहेत. बाहेर जेवढे अंश, तेवढेच आत.

लॉर्ना दगडाकडे बघतच म्हणाली, राहू दे आर्डन. आता खरं सांगतोय तो फोन.

भाषण खिशातच राहिलं.