माझं तिने सांगितलं

३ मे
पोचले! मस्त आहे इथे. लांबलचक बुटकी इमारत, मधे मैदान, मला खिडकीजवळची कॉट. कॅम्प चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, इथली मुलं साबण बनवतात, त्याच्या विक्रीवर कॅम्प चालतो, म्हणून माझ्यासारखीला फुकट. नववीत शाळा का सोडली, ते विचारलंच नाही त्यांनी. शेजारच्या कॉटवर चष्मा. सगळे तिला चष्माच म्हणतात. ती म्हणाली, तू बोलत नाहीस ते बरंय बाई, मी दोघींपुरतं बोलते.

४ मे
सकाळी 'बदली' असते. खुर्चीसमोर खुर्ची. मनातलं सगळ्यात जड ते जोडीदाराला सांगायचं. मग जोडीदार गोलात उभा राहून ते 'मी, मी' करत स्वतःचं म्हणून सांगतो. आपण ते परत कधी बोलायचं नाही. माझं मला गोलात सांगावं लागणार नाही हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.
चष्म्याला टिल्लूचं सांगितलं. माझा भाऊ, पाच वर्षांचा. चपला कायम उलट्या घालायचा. आई कामाला गेली होती, त्याला माझ्यावर सोपवून. मी कानात गाणी लावून बसले आणि तो टाकीत पडला. दहा महिने झाले. आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्याचं तर नावच काढत नाही.
चष्मा गोलात सांगताना इतकी रडली की मीच तिला पाणी दिलं. तिचं मी काय घेऊ विचारलं, तर म्हणाली, माझं मागच्या कॅम्पातच देऊन झालं.

६ मे
रात्रभर झोपले. दहा महिन्यांत पहिल्यांदाच. दुपारी साबणाच्या वड्या कापल्या. ताई म्हणाल्या, चेहरा खुलला गं. फोनवर आईला सांगितलं. ती बरं म्हणाली.

९ मे
टिल्लूचा आवाज आठवेना. चष्म्याला विचारलं. डोळे मिटून म्हणाली, घोगरा होता, र ला ल म्हणायचा.
हे मी तिला सांगितलं नव्हतं.

११ मे
चेहरा पण गेला. ४ तारखेचं पान वाचलं. अक्षर माझंच. कुणाचं तरी वाईट झालं, एवढंच वाटलं.
चष्म्याला म्हटलं, परत दे. ती हसली. काल नवीन मुलं आली, त्यांच्यातल्या एकाला दिलं म्हणे. कुणाला ते तिला आठवत नाही. काय दिलं, ते पण नाही.
ताई म्हणाल्या, हीच तर आपली पद्धत. हातोहात पुढे जातं, कुणाकडेच राहत नाही.
रडायला बसले. आलं नाही.

१३ मे
वड्या कापल्या. जेवले. झोपले.

१५ मे
आई न्यायला आलीय. ऑफिसातल्या बाकावर बसलोय. तिने माझा हात धरला. म्हणाली, चुकलंच माझं, एवढे दिवस तुला एकटं टाकलं. आता घरी जाऊ, रोज टिल्लूबद्दल बोलू, तुझ्याशिवाय कोण आहे मला त्याच्याबद्दल बोलायला.
मी विचारलं, कोण टिल्लू?
तिने हात सोडला. बघतेय माझ्याकडे. अजून बघतेय — मी लिहितेय, म्हणजे वर बघायला नको.
ताई आल्या. आईच्या पाठीवरून हात फिरवतायत. हळूच म्हणतायत, आयांची पण बदली असते, आत्ता एक खुर्ची रिकामी आहे —
आई उठली. चाललीय त्यांच्याबरोबर.
मी तिला थांबवायला पाहिजे. पाहिजे एवढं कळतंय, पण का ते —